पिवळ्या उजेडाचे सेल

चांगुणाअक्काची गोष्ट सांगायची म्हणजे मला माझा एक मूर्खपणाही सांगावा लागणार, आणि मी पडलो मास्तर. मास्तराला चुका दुसऱ्यांच्या काढायची सवय असते. तेव्हा माझं नंतर बघू. आधी अक्का.

अक्का मूळची संतपूरची. तिचे वडील हरिबा भजनात ढोलकी वाजवायचे. छप्पन्न साली दीक्षा झाली आणि पुढच्या दोनेक वर्षांत आमच्या भागातली घरंही एकेक करून बौद्ध झाली, तेव्हा हरिबांनी देव्हारा रिकामा केला. लोकांना वाटलं, आता ढोलकीही माळ्यावर जाणार. हरिबा म्हणाले, "देव सोडले, ढोलकी कामून सोडू? तिनं माझं काय वाकडं केलंय?" त्यांच्या मुलाच्या हाताला ताल नव्हता, मुलीच्या हाताला होता. बाईमाणसानं ढोलकी वाजवावी का, यावर भावकीत बरेच दिवस खल चालला म्हणतात. खल संपेपर्यंत पोरगी वाजवायला शिकूनही गेली होती.

साठ साली लग्न होऊन ती आमच्या गावात आली. गाव चिटगुप्प्यापासून दोन कोसांवर. नवरा तात्याराव, म्हणजे आमचे तात्याअण्णा, दिवसा गवंडीकाम करायचे आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे. आमच्या वस्तीच्या गायन मंडळात पेटीवर ते, ढोलकीवर अक्का, आणि गायला कोंडाबाई. गाणी कोंडाबाई स्वतः जोडायची. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मी वहीत उतरवायचो. मागं कोरसात उभं राहून तोंड हलवायचं काम पण माझ्याकडेच होतं.

तात्याअण्णांची बोटं फार गोड होती, हे आधीच सांगून टाकतो. पण माणूस हट्टी. लग्न झाल्यापासून नवरा-बायकोचं एकच भांडण होतं. भाजीत मीठ किती यावर ते कधी भांडले नाहीत. भांडण होतं तिसऱ्या कडव्याचं. गाणं तिसऱ्या कडव्यात शिरलं की लय वाढायची. थोडीशीच, पण वाढायची. कोंडाबाईला दम लागायचा. गाणं संपलं की तात्याअण्णा पेटीचा भाता लावत म्हणायचे, "चांगुणा, तू पळवायलीस."

"मी न्हाई पळवत."

"मग काय पेटी पळायली?"

सगळ्यांना अण्णांचंच खरं वाटायचं. ढोलकीचा आवाज मोठा, त्यात वाजवणारी बाई. दोष तिच्याच पदरात पडायचा. मी स्वतः दोनदा तिला म्हणालो होतो, "अक्का, जरा दमानं घे." ती ढोलकीच्या कड्या ठोकायला लागली होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी मनातल्या मनात म्हटल्याचंही मला आठवतं. हा माझा पहिला मूर्खपणा. दुसरा पुढे येतोय.

ब्याऐंशी साली अक्काच्या भावानं हैदराबादेहून एक टेपरेकॉर्डर आणून दिला. सहा मोठ्या सेलवर चालणारा. त्याच्या करंटच्या वायरीचं तोंड महिन्याभरात जळालं, त्यामुळे पुढचं सगळं आयुष्य त्यानं सेलवरच काढलं. टेप आला तशी तात्याअण्णांच्या डोक्यात कल्पना आली. एका दुपारी त्यांनी सगळ्यांना घराबाहेर काढलं, दार लावून घेतलं, आणि मंडळाच्या आठही गाण्यांची पेटी एकट्यानं वाजवून कॅसेटमध्ये भरली. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसती पेटी. मग दार उघडून बायकोला म्हणाले, "यात तुझी ढोलकी न्हाई. आता ऐक पेटी कशी ओळंब्यात जाती ते. आन् मग याच्यावर वाजवून दाखव."

बायकोला धडा शिकवायला माणसानं आठ गाणी भरून ठेवली! हट्टाचा असा उपयोग मी दुसरीकडे कुठं बघितलेला नाही.

अक्कानं कॅसेट ऐकली. पहिलं कडवं सरळ, दुसरं सरळ. तिसऱ्या कडव्यात पेटी पळाली. आठही गाण्यांत पळाली. ढोलकी नव्हती, दोष द्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं. हे तिनं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं. मी विचारलं, "मग तेव्हाच कामून बोलली न्हाईस?" ती म्हणाली, "बोलणारच होते. पण त्यांना सबूत देऊन एवढा आनंद झाल्ता, म्हणलं चार दिवस मिरवू द्यावं."

चार दिवसांचे चार महिने झाले. आणि एके दिवशी तात्याअण्णा चिटगुप्प्यात एका भिंतीचं काम करताना परांचीवरच बसले. लकवा. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं. बोलणं सहा महिन्यांत बरंचसं परत आलं. हात आला नाही.

पेटीवाल्याचा उजवा हात. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडायचे ते पडायचेच. कुणी भेटायला गेलं तर डोळे मिटून घ्यायचे. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. मला त्यांची दया यायची आणि खरं सांगतो, थोडा रागही यायचा.

मग एका रविवारी अक्कानं मंडळाला बोलावलं. ढोलकी घेतली, मधोमध टेप ठेवला. "पेटी हाय की आपल्याकडं," म्हणाली. आणि खाटेकडं तोंड करून हाक मारली, "अवो, ह्याचं बटण मला जमत न्हाई. तेवढं दाबा."

तिला बटण जमत नव्हतं! जी बाई ढोलकीच्या कड्या हातोडीनं ठोकून पेटीच्या सुराशी तंतोतंत लावायची, तिला. अण्णा उठले, डाव्या हातानं भिंत धरत आले आणि बटण दाबलं.

त्या दिवसापासून तात्याअण्णा मंडळाचे बटणवाले झाले. टेप डाव्या हातात घेऊन तेच यायचे, दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचे नाहीत. दाढी करायला लागले. तालमीत कोरसाचं चुकलं तर माझ्यावर ओरडायला लागले, आणि मला त्या ओरडण्यानं बरं वाटायचं.

पण टेपवर वाजवणं सोपं नव्हतं. जिवंत पेटीवाला ढोलकी ऐकतो, गाणारीचा श्वास ऐकतो. टेप कुणाचं ऐकत नाही. आम्ही सगळे पहिल्या महिन्यात आपटलो. एकटी अक्का नाही आपटली. ती चिटगुप्प्याच्या डाळमिलमध्ये तूर निवडायला जायची, आणि तिथं विजेचा जोर कमी झाला की तूर वाहणारा पट्टा हळू व्हायचा, वाढला की धावायचा. पंधरा वर्षं तिचे हात त्या पट्ट्याबरोबर हळू आणि जलद झाले होते. ती म्हणायची, "मशीनला कान नसत्यात. आपल्याला हायत. मग वाकायचं कुणी?"

आणि सेल. अण्णांनी ती पेटी भरली तेव्हा टेपमध्ये जुने, उन्हात तापवून परत कामाला लावलेले सेल होते. आमच्याकडे थकलेला सेल कुणी टाकत नाही. पत्र्यावर उन्हात ठेवायचा, आठ दिवस आणखी चालतो. थकलेल्या सेलवर टेप हळू फिरतो. हळू फिरत्या टेपमध्ये भरलेली पेटी तशाच हळू टेपवर वाजवली तरच खऱ्या सुरात येते. हे शास्त्र मला नंतर कळलं. अक्काला कुणी सांगायला लागलं नाही. तिची ढोलकी पेटीवरच्या काळी चारच्या सुरात लावलेली असायची. टेपमधला पहिला सूर त्याला भेटला तर ठीक. खाली गेला तर ती एक जुना सेल काढून जरा बरा घालायची, वर गेला तर उलट. खिडकीत तिचे वीसेक सेल ओळीनं उन्हाला बसलेले असायचे.

तिसरं कडवं मात्र पळायचंच. पण आता अक्काची ढोलकी त्याच्याबरोबर अशी सरकायची आणि कोंडाबाईला असं ओढून न्यायची की ऐकणाऱ्याला कळू नये. एकदा अण्णांनाच शंका आली. "हे पेटीत कसं काय व्हायलंय गं?" अक्का चटकन म्हणाली, "सेल गरम व्हत्यात. गरम झाले की पळत्यात." अण्णांना पटलं. मीही मान हलवली. मास्तर ना मी.

हे दीड वर्ष चाललं. मग मंडळाचे अध्यक्ष गुंडेराव यांनी आक्षेप काढला. गुंडेराव वाईट माणूस नव्हता, पण त्याला मंडळाचं नाव तालुक्यात गाजवायचं होतं. तो म्हणाला, "टेपच्या पेटीवर गाणं म्हंजे नवरदेवाच्या फोटूला हळद लावणं. लोक हसायलेत." भालकीच्या एका पेटीवाल्याशी त्यानं बोलणंही केलं होतं. शेवटी ठरलं ते असं: पंच्याऐंशीच्या जयंतीला चिटगुप्प्यात दहा मंडळांचा कार्यक्रम आहे. तिथं टेपवर नीट झालं तर टेप राहील. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून भालकीचा पेटीवाला.

अक्का मला वाटेत म्हणाली, "मास्तर, तो पेटीवाला चांगलाच आसंल. पण तो आला की ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं म्हणून समज. मग पुन्हा उठायचे न्हाईत." ती रडली वगैरे नाही. "नीट व्हईल," म्हणाली. आणि आठवडाभर खिडकीतल्या सेलांची जागा बदलत बसली.

आता माझं.

जयंतीच्या दिवशी दिवेलागणीला आम्ही मांडवामागं पोचलो. निळे झेंडे, समोर दोन-अडीच हजार माणूस. अक्कानं टेप लावून ढोलकी जुळवली, समाधानानं मान हलवली आणि कोंडाबाईबरोबर पाणी प्यायला गेली. अण्णा कुणाशी तरी बोलत होते. आणि मला उमाळा आला. एवढा मोठा कार्यक्रम, आणि टेपमध्ये ते सुरकुतलेले, उन्हात वाळवलेले सेल! मी मुद्दाम दुकानातून सहा नवे कोरे सेल आणले होते. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण नवे कपडे घालतो, मग टेपला जुने सेल कशाला? मी गुपचूप सेल बदलले. अक्काला नंतर सांगून खूश करू, असा विचार होता. आणि मंडळाच्या इभ्रतीला शोभेना म्हणून जुने सेल मांडवामागच्या आडात टाकले.

आमचं नाव पुकारलं. टेपसमोर माइक ठेवला. अण्णांनी बटण दाबलं.

पेटी किंचाळत बाहेर आली. सूर काळी चारवरून उडी मारून काळी पाचवर, आणि चाल अशी की मागं कुत्रं लागलंय. कोंडाबाईनं तोंड उघडलं, पहिल्याच ओळीत तिचा आवाज फाटला. अक्काची ढोलकी एक सुरात, पेटी दुसऱ्या. समोर पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं, मग हसणं मागं मागं पसरत गेलं. तात्याअण्णांचं तोंड पांढरं झालं. त्यांच्या बोटांची पेटी होती ती, आणि लोक तिला हसत होते. त्यांनी कसंबसं बटण बंद केलं आणि मान खाली घातली ती वर केली नाही. गुंडेराव मांडवाच्या कडेनं हात हलवायला लागला, "बस करो, उतरा खाली."

मी जमिनीत गेलो असतो तर बरं झालं असतं. अक्कानं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि तिला सगळं कळलं. "जुने कुठं हायत?" तिनं हळूच विचारलं. मी आडाकडं बोट केलं.

तिच्या जागी मी असतो तर आधी माझ्या कानाखाली काढली असती. ती ढोलकी घेऊन माइकपाशी गेली.

"मंडळी, हसू नका. आमच्या मास्तरांनी पेटीला आज जास्तीचं जेवण घातलंय. ती माजलीया." लोक पुन्हा हसले, पण हे हसणं वेगळं होतं. "तिला जरा उपाशी करायला पायजे. तुमच्यात ज्याच्या बॅटरीचा उजेड पिवळा पडलाय, त्यानं ती इकडं आणा. पांढऱ्या उजेडाची नको. मरायला टेकलेलीच पायजे."

वाड्यावस्त्यांवरून आलेला प्रत्येक माणूस परतीच्या वाटेसाठी बॅटरी घेऊन आलेला. क्षणात मांडवात शेकडो बॅटऱ्या लागल्या आणि जो तो आपला उजेड शेजाऱ्याशी ताडून बघायला लागला. "माझी पिवळी." "ह्या, माझी तुझ्यापेक्षा पिवळी!" आपली वस्तू मोडकळीला आली आहे याचा इतका अभिमान माणसांना वाटलेला मी पहिल्यांदाच बघितला. शेवटी कडेला उभे असलेले रेवणसिद्धप्पा पुढं आले. तुरीचे व्यापारी, गाणं ऐकायला थांबलेले. त्यांच्या तीन सेलच्या लांब बॅटरीतून काजव्याएवढा उजेड पडत होता. "तगोरी अक्का," घ्या, असं कानडीत म्हणाले आणि बॅटरी तिच्या हातात दिली. तीन सेल झाले. आणखी तीन दोघांकडून मिळाले.

अक्कानं सेल घातले. अण्णांपुढं टेप ठेवला. "दाबा."

अण्णा मान वर करीनात.

"अवो, दाबा. मला ते बटण जमत न्हाई."

अण्णांनी दाबलं. सूर जरा वर आला. तिनं बंद करायला लावलं, एक सेल बदलून आणखी पिवळ्या बॅटरीतला घातला. पुन्हा दाबलं. पेटीचा सूर आला आणि ढोलकीवर असा टेकला जसा पक्षी रोजच्या फांदीवर टेकतो. अक्कानं थाप मारली.

मग काय गायली कोंडाबाई! मी वीस वर्षं त्या मंडळात तोंड हलवलं, पण त्या संध्याकाळी मी खराच गायलो. सेल मरत होते, टेप बारीक बारीक मंदावत होता आणि अक्काचा हात त्याच्याबरोबर मंदावत होता. तिसरं कडवं आलं. पेटी पळाली. अक्का पळाली, कोंडाबाईला बरोबर घेऊन, आणि समोर कुणाला काही कळलं नाही. लोकांनी आणखी एक गाणं म्हणायला लावलं. रेवणसिद्धप्पांनी बॅटरी परत घेतलीच नाही. गुंडेराव सगळ्यांना सांगत सुटला की टेपची कल्पना त्याचीच.

परतताना टेम्पोत सगळे मोठ्यानं बोलत होते. तात्याअण्णा टेप मांडीवर घेऊन बोटानं बटण चाचपत बसले होते. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात ते बायकोला म्हणाले, "चांगुणा, मरायला टेकलेले सेल पळत्यात का गं?"

अक्का ढोलकीच्या कड्या चाचपायला लागली.

"हळूच व्हत्यात की न्हाई?"

"व्हय. हळूच व्हत्यात."

"मग आज तिसऱ्या कडव्यात कोण पळालं?"

टेम्पो खड्ड्यातून गेला. अक्कानं एका हातानं ढोलकी सावरली, दुसऱ्यानं अण्णांचा निर्जीव हात उचलून त्यांच्या मांडीवर नीट ठेवला. "तुम्ही," ती म्हणाली. "पण मी होते की संगं."

अण्णांनी गावापर्यंत बाहेरच्या अंधाराकडं तोंड केलं. मला वाटलं, आता पुन्हा भिंत. जिंकून हरलो आपण. रात्रभर मला झोप नाही.

रविवारी तालीम होती. आम्ही जमलो. गुंडेरावही आला होता. अक्का ढोलकी ठोकून सुरात लावत होती. तात्याअण्णा आतून टेप घेऊन आले. दाढी केलेली होती. टेप मधोमध ठेवून ते खाली बसले आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "सगळे ऐका. तिसऱ्या कडव्यात मी पळतो. पंचवीस वर्षं मीच पळायलोय. तवा पेटीच्या मागं जाऊ नका, हिच्या हाताकडं बघा."

आणि त्यांनी बटण दाबलं.